तुरकरभाऊंचे बोलके कॉलम

आमच्या राइस मिलच्या काट्यावर, म्हणजे ट्रकचे वजन होते त्या खोलीत, मी गेली काही वर्षे बसतो. तिथला कॉम्प्युटर माणसाला उलट बोलतो. धानाचा ओलावा सतराऐवजी चुकून एकशे सत्तर टक्के टाकला, की पडद्यावर अक्षरे येतात, 'मी ओलावा आहे. शंभराच्या वर मले जाता येत नाही. धान आणला का इटियाडोह धरणाचे पाणी?' ट्रकच्या नंबरातला शेवटचा आकडा राहिला, तर नंबर स्वतःच विचारतो, 'माझे शेपूट कुठे गेले जी?'

ही करामत युवराज तुरकर यांची. गोंदियात सायकलच्या दुकानावर त्यांची एक खोली आहे. राहणे तिथेच, सॉफ्टवेअर बनवणेही तिथेच. पंचेचाळिशी ओलांडलेला, सडपातळ, शर्टाच्या खिशात कायम पेन ठेवणारा, पण कधीच काही न लिहिणारा माणूस.

मी एकदा विचारले, "भाऊ, सरळ 'चूक आहे' असे लिहिले असते तर?"

"कोणाची चूक?" ते म्हणाले. "लोक टेबलात कॉलम करतात ना, ते नुसते डबे करतात. आत काय पडून राहिले ते डब्यालेच माहीत नाही. तपासणारा दुसरा कोणी, तोही दूर कुठेतरी. माझ्या कोडात हर एक कॉलम वेगळा ऑब्जेक्ट आहे. त्याचे नाव त्याच्यापाशी, माप त्याच्यापाशी, अक्कल त्याच्यापाशी."

"आणि जीभ?"

"तेही," ते गंभीरपणे म्हणाले.

हे वेड कोडापुरते राहिले असते तर बरे होते. माझ्या भाच्याच्या लग्नात वाढप्याने त्यांच्या ताटात जिलेबीच्या खणात कढी ओतली. तुरकरभाऊ रागावले ते वाढप्यावर नाही, ताटावर. "याले कळायले पाहिजे होते," म्हणाले, "की आपण गोडाचा खण आहो." आमचा वॉचमन सगळ्यांवर खेकसतो, त्याच्याबद्दल त्यांचे मत चांगले होते. "त्याच्यात तपासणी आहे. फक्त सुरुवातीची सेटिंग खराब आहे."

आमगावला ते मुलगी पाहायला गेले होते, ती हकिकत त्यांनीच मला सांगितली. मुलीला काय आवडते, असे त्यांनी विचारले. मुलीचे मामा कौतुकाने म्हणाले, "आमच्या पोरीले काहीही चालते." त्यावर तुरकरभाऊ म्हणाले, "ज्या कॉलममध्ये काहीही चालते, त्याच्यावर भरोसा ठेवता येत नाही जी." मामांनी पुढ्यातले पोहे उचलून आत नेले. ते स्थळ तिथेच संपले, आणि पुढे कोणी दुसरे आणले नाही.

मिलमध्ये खरा तंटा झाला तो 'बाहेर जाण्याची वेळ' या कॉलमवरून. तो शेजारच्या 'आत येण्याची वेळ' या कॉलमशी बोलून घेतो, असे तुरकरभाऊंचे म्हणणे. आत आलेली गाडी लगेच भरून परत निघाली, तर तो वेळ घेतच नसे. आधी विचारायचा, 'ड्रायव्हर जेवला का?'

मिलचे मालक शेठजी वैतागले. "तुरकर, ये राइस मिल है कि भोजनालय? निकालो इसको."

"त्याचा स्वभाव आहे शेठजी."

"स्वभाव बदलो. इसी हफ्ते."

तुरकरभाऊ मान खाली घालून गेले. पण ते काढायला येण्याआधीच देवरीचे बिसराम मामा तांदूळ भरायला आले. आमचे जुने ड्रायव्हर. माल भरला, ताडपत्री बांधली, आणि भर दुपारी ते खिडकीशी येऊन उभे राहिले. शेठजी माझ्या मागेच होते. पडद्यावर प्रश्न आला.

"'हाँ' लिख दो," शेठजी म्हणाले.

मी खिडकीतून विचारले, "मामा, जेवला का?"

"वाटेत कोहमाऱ्याच्या ढाब्यावर खाईन ना. उशीर होऊन राहिला."

मी 'नाही' लिहिले. उत्तर आले, 'मग बसवा त्याले. चहा-बिस्कीट द्या. मी थांबतो.'

शेठजींनी कपाळाला हात लावला, पण चहा मागवला. मामा स्टुलावर बसले. चहा येईपर्यंत त्यांचा चेहरा घामाने डबडबला. ग्लास हातात दिला, तर बोटांतून निसटला. मी नाव विचारले, त्यांना सांगता येईना. शेठजींनीच धावत जाऊन आपली गाडी काढली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "शुगर एकदम खाली गेली होती. सकाळी इन्सुलिन घेतले आणि पोटात काही नाही. आता धोका टळला. स्टेअरिंगवर असते तर..."

निरोप कळताच तुरकरभाऊ आले. शेठजी त्यांच्याकडे न पाहता म्हणाले, "तुरकर, वो सवाल... रहने दो." आणि गाडीची किल्ली फिरवत निघून गेले.

"मामा शुद्धीवर आहेत ना?" तुरकरभाऊंनी मला एवढेच विचारले.

"बोलून राहिले. पण भाऊ, हे तुम्हाला सुचले कसे?"

"खोलीवर काम करता करता जेवायचे राहून जाते. ध्यानात येते तेव्हा दोन दिवसाचे उष्टे भांडे पण नसते घासायले. विचारणारे कोणी पाहिजे ना जी. मले नाही, तर ड्रायव्हर लोकांले तरी."

दिवस मावळायच्या आत मामांची बायको देवरीहून बसने आली. मामांना बोलताना पाहिले आणि पदराने तोंड झाकून थोडी रडली. मग डबा उघडला. मामांनी चार घास खाल्ले. उरलेला भात तिने झाकणात काढला, त्यावर वरण ओतले, आणि कोपऱ्यात उभ्या तुरकरभाऊंपुढे धरले. "धरा भाऊ," एवढेच म्हणाली.

मी गाडीसाठी दुसरा ड्रायव्हर पाहायला फोन करत बाहेर गेलो. परत आलो तेव्हा तुरकरभाऊ व्हरांड्यातल्या नळाशी झाकण धूत होते. ते केव्हाच लख्ख झाले होते. तरी ते धूतच होते, हळूहळू, कडेकडेने.