सरांच्या गाडीचा एक दात

कर्वेनगरच्या ‘निशिगंध’ सोसायटीत दसऱ्याच्या चार दिवस आधी जिन्यापाशी एक सूचना लागली. ‘पार्किंग वाहनांसाठी आहे, वस्तुसंग्रहालयासाठी नाही. दसऱ्याच्या दुपारी बारापर्यंत जी गाडी स्वतःच्या बळावर गेटबाहेर जाऊन परत येणार नाही, तिची जागा रिकामी करण्यात येईल. आगाऊ शुभेच्छा. – सचिव.’

सूचनेत कुणाचं नाव नव्हतं. सचिव सुशीलाबाई नाव कधीच घालत नसत, त्यांना तशी गरज पडत नसे. सोसायटीत न हलणारी गाडी एकच होती, ती नागोराव सरांची.

सरांनी आयटीआयमध्ये एकतीस वर्षं इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवलं होतं. निवृत्तीनंतर विद्यार्थी संपले, पण चुका काढायची सवय राहिली. पोळी गोल नसली तर ते बोलत नसत, फक्त ताटाकडे थोडा वेळ बघत. त्यांची पत्नी मंदाकिनीबाई ते बघणं गेली चव्वेचाळीस वर्षं बघत होत्या. गाडीला सव्वीस वर्षं झाली होती. याच गाडीतून मुलगी पूर्वा दहावीच्या परीक्षेला गेली आणि पुढे याच गाडीतून सासरी गेली. मुलगा-सून खराडीला जाता-येता म्हणत, “बाबा, आता मोबाइलवर गाडी बोलवायची. काढा ती.” ही गाडी गेली, की आपण कधी आणि कुठे जायचं हे यापुढे मुलगा मोबाइलवर ठरवणार, हे सरांना पक्कं कळून चुकलं होतं.

गाडीचा दोष तसा एकच. इंजिनाच्या कडेला वर एक आणि खाली एक अशी दोन दातेरी चाकं असतात. त्यांच्यावरून रबरी पट्टा जातो, तो टायमिंग बेल्ट. त्याला चिरा पडल्या होत्या म्हणून अय्युबने तो उतरवला, आणि इतक्या जुन्या गाडीचा नवा पट्टा मिळेपर्यंत अडीच महिने गेले. अय्युब हा सरांचा जुना विद्यार्थी. वय बावन्न, येरवड्यात स्वतःचं गॅरेज, पण सरांसमोर अजूनही हात मागे बांधून उभा राहायचा.

नवा पट्टा चढवताना दोन्ही चाकांवरच्या खुणा इंजिनावरच्या खुणांसमोर याव्या लागतात. एक दात इकडचा तिकडे झाला तरी सगळं बिनसतं. चाकांवर कारखान्याच्या खुणा असतात म्हणे, पण गंज आणि तेलाच्या थराखाली त्या कधीच गडप झाल्या होत्या. म्हणून जुना पट्टा उतरवण्याआधी सरांनी सुनेची, अक्षताची, लाल नेलपॉलिशची बाटली आणून चाकांवर एकेक ठिपका ठेवला होता. भिंग लावून.

“आता आंधळासुद्धा पट्टा चढवेल,” सर म्हणाले होते.

“हो सर,” अय्युब म्हणाला होता.

दसऱ्याला सकाळी नऊ वाजता अय्युब पट्टा घेऊन आला. सरांनी बॉनेट उघडलं आणि त्यांचा चेहरा फुलला. “बघ! अडीच महिने झाले, पण ठिपके कसे टवटवीत आहेत!” त्यांनी सहा इंची पट्टी लावली, एक डोळा मिटला आणि दोन्ही ठिपके खुणांसमोर आणवले. अय्युबने पट्टा चढवला, ताण बघितला. मग रिवाजाप्रमाणे चावी मारण्याआधी पाना लावून इंजिन हातानं फिरवायला घेतलं. दोन पूर्ण फेरे विनातक्रार झाले म्हणजे काम बरोबर.

अर्ध्या फेऱ्यातच पाना थांबला.

“सर, अडतंय.”

“जोर लाव.”

“जोर लावला तर आतली झडप वाकंल, सर. मग सुशीलाबाईंची सूचनाच खरी होईल.”

“अरे, रेघ जुळलीय ना? रेघ जुळली की जुळली!”

अय्युबने नेहमीप्रमाणे मान डोलावली. पण हात पुसताना बोटाकडे बघून तो घुटमळला. “सर, नेलपॉलिश कधीच वाळलं. हे बोटाला कसं काय येतंय?”

सरांनी ठिपक्याला बोट लावलं. बोट लाल झालं. नीट बघितलं तर तसाच ठिपका बॅटरीवर होता, रेडिएटरवर होता, एअर फिल्टरवर होता, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर झेंडूची एकेक पाकळी होती.

“मंदाऽऽ!”

मंदाकिनीबाई आपट्याची पानं निवडता निवडता बाहेर आल्या. “ओरडताय कशाला सणासुदीचं? सहा वाजता कुंकू लावून पूजा केली मी गाडीची. दसऱ्याला हत्यारं, गाड्या पुजतात. तुम्ही आंघोळीला गेला होतात.”

“आणि आधीचे लाल ठिपके?”

“ते डाग होय? अहो, किती मळलं होतं सगळं! पूजा काय मळावर करायची? देवाची भांडी घासायला चिंच भिजवली होती, तीच घेतली आणि दोन्ही चाकं लख्ख केली. डाग काही चिंचेनं निघेनात. मग अक्षताचं ते नखं पुसायचं औषध लावलं. तेव्हा कुठे गेले.”

सर स्टुलावर बसले. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. समोर अडीच महिन्यांची मेहनत चिंचेच्या पाण्यात वाहून गेली होती. “गेली गाडी,” एवढंच ते म्हणाले. मंदाकिनीबाईंच्या हातातली पानं तशीच राहिली. त्यांनाही वाईट वाटलं. पण घासायला नको होतं असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

अय्युब मात्र चाकावर वाकला होता. मोबाइलचा उजेड पाडून त्याने वरचं चाक निरखलं, मग खालचं. “सर, जरा इकडं बघा.”

चिंचेनं लख्ख झालेल्या चाकावर एक बारीक खाच चमकत होती. तिच्याशेजारी बाण. कारखान्याची खूण.

“खालीपण हाय, सर. स्पष्ट.”

सर भिंग घेऊन वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. वरच्या चाकावरच्या आपल्या ठिपक्याची जागा त्यांना ठाऊक होती, ती चाकाच्या आऱ्याच्या बरोबर मध्यावर होती. खाच तिथे नव्हती. ती तिथून एक दात मागे होती.

“अय्युब, ठिपके तर जुना पट्टा होता तसेच ठेवले होते. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी आपण पट्टा बदलला तेव्हा…”

“तुम्ही पट्टी लावून सांगितलं होतं, सर. जुळलंय म्हणून.”

“आणि नऊ वर्षं ही गाडी एक दात मागे चालली? म्हणून ती चांदणी चौकाचा चढ चढताना धापा टाकायची? तुला कळलं नाही?”

अय्युबने हात मागे बांधले. “थोडं कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“सर, ड्रॉइंगमध्ये तुम्ही मला दोनदा नापास केलंय.”

मंदाकिनीबाईंनी तोंडाला पदर लावला. सरांनी ताटातल्या पोळीकडे बघावं तसं चाकाकडे बघितलं. मग स्टूल मागे सरकवलं आणि सहा इंची पट्टी खिशात ठेवून दिली. “तू जुळव,” ते म्हणाले. “मी उजेड धरतो.”

अय्युबने खाचा जुळवल्या, पट्टा चढवला आणि पाना फिरवला. एक फेरा झाला. दुसराही झाला. कुठे अडलं नाही. कव्हरं बसवेपर्यंत बाराला सात मिनिटं कमी होती, आणि गेटपाशी सुशीलाबाई घड्याळ बघत उभ्या होत्या.

सरांनी चावी फिरवली.

“करा ना चालू,” सुशीलाबाई म्हणाल्या.

“चालूच आहे.”

“नागोरावजी, मी बावीस वर्षं तुमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहते. तुमची गाडी चालू झाली की माझ्या कपाटातल्या बश्या वाजतात. आज काहीही वाजलेलं नाही.”

सरांनी गिअर टाकला. गाडी हळूच सरकली, सुशीलाबाईंच्या पदराशेजारून गेटबाहेर गेली, आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येऊन आपल्या जागेवर उभी राहिली. परत येताना सर हसत होते. त्यांना असं हसताना सोसायटीने कधी पाहिलं नव्हतं.

सुशीलाबाई जिन्यापाशी गेल्या. सूचना स्वतःच्या हाताने काढली, नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. मग परत येऊन बॉनेटवरच्या झेंडूकडे बघत आवाज खाली आणून म्हणाल्या, “मंदाकिनीवहिनी, आपली लिफ्ट दोन महिने तिसऱ्या मजल्यावर अडकलीय. कंपनीची माणसं चारदा येऊन गेली. तुम्ही तिला जरा कुंकू लावून बघता का?”

मंदाकिनीबाईंनी अय्युबच्या हातात आपट्याचं पान ठेवलं, दुसरं सरांच्या हातात दिलं.

“लावते की,” त्या म्हणाल्या. “पण कुंकू शेवटी. आधी चिंच भिजत घालते.”

सर बादली आणायला निघाले.