मोरितासाहेबांची मतं

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. त्या वर्षी गुढीपाडवा आणि जागतिक बेसबॉल स्पर्धेचा अंतिम सामना एकाच सकाळी आले, आणि कानडी मुलखातल्या बसवनगुडीत श्रीधररावांच्या घरात दोन्हींनी मिळून जो घोळ घातला, तो सुनंदाबाईंना अजून मिनिटामिनिटाने आठवतो.

श्रीधरराव म्हणजे सुनंदाबाईंचे यजमान. अठ्ठ्याहत्तर साली घड्याळाच्या कारखान्याने त्यांना सहा महिन्यांसाठी जपानला पाठवलं होतं. घड्याळाचं काम ते शिकून आलेच, पण सोबत बेसबॉलचं वेडही घेऊन आले. सारं गाव क्रिकेट बघत असताना हा माणूस वाचनालयात जाऊन जुनी परदेशी मासिकं चाळायचा. दीडशे वर्षांपूर्वी एका अमेरिकन मास्तराने हा खेळ जपानच्या मुलांना शिकवला, तिथपासूनचा सगळा इतिहास त्यांना तोंडपाठ. वेड असावं तर असं, असं सुनंदाबाईंना मनातून नेहमी वाटे. फक्त ऐकायला माणूस नव्हता. म्हणून पंचेचाळीस वर्षं ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बोलत आणि सुनंदाबाई शेंगा मोडता मोडता ऐकत.

स्पर्धेच्या आधी श्रीधररावांनी एक लांब वही सुरू केली. वीस देशांचे वीस संघ, रोज एकाचा परिचय: इतिहास, खेळाडू, बळ, उणीव, आणि शेवटी क्रमांक. सून रूपश्री इलेक्ट्रॉनिक सिटीत एका जपानी कंपनीत होती. तिच्या साहेबांचं नाव मोरिता. झालं! रूपश्रीने रोजचं पान इंग्रजीत करून साहेबांना द्यायचं, असं ठरलं.

मार्चअखेर तोंडावर आलेली. बिचारीला डबा खायला वेळ नव्हता, ती पानं कसली इंग्रजीत करणार? पहिल्या संध्याकाळी श्रीधरराव दारातच उभे.

"काय म्हणाले साहेब?"

त्यांचा चेहरा इतका आशेने फुललेला, की रूपश्रीच्या तोंडून निघून गेलं, "फार आवडलं म्हणाले, मामंजी."

"नुसतं आवडलं? काही मत? काही शंका?"

"आहे ना! हात धुऊन सांगते हं," म्हणत ती थेट स्वयंपाकघरात शिरली. सासूला ती कानडी रीतीने अत्ते म्हणे. "अत्ते, वाचवा! त्या डॉमिनिकन का कोण, त्यांच्याबद्दल स्वल्प काहीतरी सांगा."

सुनंदाबाईंनी आलं किसता किसता सांगितलं, "म्हणावं, पहिला क्रमांक देऊ नका. एकेक खेळाडू हिरा आहे, कबूल. पण सगळेच हिरे, मग कोंदण कुणी व्हायचं?"

रूपश्रीने ते बाहेर जाऊन म्हणून दाखवलं. श्रीधररावांनी मांडीवर थाप मारली. "वा! याला म्हणतात जाण!" आणि डॉमिनिकनांना खाली उतरवलं.

खरं तर हेच वाक्य सुनंदाबाईंनी सकाळी चहाच्या वेळी त्यांना ऐकवलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "तुला काय कळतंय त्यातलं? चहा निवतोय."

सुनंदाबाईंना राग आला, पण गंमतही वाटली. मग हा रोजचाच परिपाठ झाला. सकाळी त्या स्वतःचं मत सांगत, ते उडवून लावत. संध्याकाळी तेच मत मोरितासाहेबांचं होऊन इलेक्ट्रॉनिक सिटीतून येई आणि वहीत मानाने चढे. चेक संघाला श्रीधररावांनी विसावा क्रमांक दिला होता. त्या संघात कुणी शिक्षक, कुणी अग्निशामक, कुणी वीजतंत्री, आणि शिकवणारा तर मेंदूचा डॉक्टर. 'मोरितासाहेब' म्हणाले, "दिवसभर नोकरी करून जे खेळतात, त्यांना तळाला बसवू नका." चेक पाच पायऱ्या वर गेले.

आणि स्पर्धेत खरंच त्या वीजतंत्र्याने जपानच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूला हळू चेंडू टाकून चकवलं! समोरच्या जपानी प्रेक्षकांनीही टाळ्या वाजवल्या. डॉमिनिकन पहिल्याच फेरीत घरी गेले. श्रीधररावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पंचेचाळीस वर्षांनी मला एक माणूस भेटला गं, ज्याच्याशी बोलता येईल," ते बायकोला म्हणाले. "पाडव्याला अंतिम सामना. मोरितासाहेबांना घरी बोलावतो."

"अय्यो!" रूपश्री म्हणाली. सुनंदाबाईंची पंचाईत झाली. खरं सांगावं, तर म्हाताऱ्याचा तो एकुलता एक माणूस नाहीसा होणार. न सांगावं, तर तो माणूस जिवंत सोफ्यावर येऊन बसणार.

श्रीधररावांनी कंपनीत स्वतः फोन लावला. मोरिता भिडस्त. वयस्क माणूस सणाला बोलावतोय म्हटल्यावर 'नाही' कसं म्हणायचं? सामना आपल्याकडे साडेचारला सुरू होणार, म्हणून पाडव्याच्या पहाटे सव्वाचारला मिठाईचा डबा घेऊन, काही कल्पना नसलेले मोरितासाहेब दारात हजर.

त्या घरात पाडव्याला डोक्याला तेल लागल्याशिवाय कुणाला पाणीही मिळत नसे. सुनंदाबाईंनी पाहुण्याच्या टाळूवर वाटीभर खोबरेल तेल थापलं. "अहो, तो परका माणूस!" श्रीधरराव ओरडले. "सण सगळ्यांना सारखाच," त्या म्हणाल्या. मोरिता तेल गळत असताना वाकून वाकून म्हणाले, "स्वल्प साकू, स्वल्प साकू." थोडं पुरे, एवढंच कानडी त्यांना येत होतं.

सामना सुरू झाला. जपान आणि अमेरिका. श्रीधरराव मिनिटामिनिटाला वळून विचारत, "चेकबद्दल तुम्ही जे म्हणालात, ते कशावरून ओळखलंत?" मोरिता हसून मान हलवत आणि चकली खात. रूपश्री दर प्रश्नाला आणखी चकल्या आणून वाढी. सात वाजेपर्यंत चकल्यांचा डबा संपला.

सुनंदाबाईंनी मधल्या वेळात गॅलरीत गुढी उभारली, पूजा केली, आणि दर दोन मिनिटांनी त्या दारातून टीव्हीकडे डोकावत होत्या. जपान तीन, अमेरिका दोन. शेवटचा डाव. सामनाभर फलंदाजी केलेला जपानचा तोच मोठा खेळाडू आता चेंडू टाकायला आला. समोर अमेरिकेचा कर्णधार, एरवी त्याच्याच क्लबातला सोबती.

श्रीधरराव उभेच राहिले. "साहेब, आता तुम्हीच सांगा. पुढचा चेंडू कसा टाकेल?"

मोरिता लालेलाल झाले. मग उठून कमरेत पार वाकले. "श्रीधर-सान, मला क्षमा करा. मला बेसबॉल कळत नाही. मी टेबल टेनिसवाला."

"मग ती मतं?"

रूपश्री रडायच्या बेताला आली. तेवढ्यात दारातून आवाज आला, "आतापर्यंत नुसत्या वेगावर भागवतोय. हा वेगात नाही टाकणार. बाहेर वळवेल, आणि तो फसेल."

चेंडू सुटला, बाहेर वळला. कर्णधाराने बॅट फिरवली ती हवेत, आणि शेवटचा गडी बाद. जपान जिंकला.

मोरिता टाळ्या वाजवू लागले. श्रीधरराव टीव्हीकडे बघतच नव्हते.

"चेकचं मत तुझं?"

"हो."

"डॉमिनिकनचं?"

"तेही."

"मग मला तोंडावर सांगायचं नाही होय?"

"सांगितलं की! वीस दिवस, रोज सकाळी. तुम्हाला ते इलेक्ट्रॉनिक सिटीहून यायला हवं होतं."

श्रीधरराव उठून वही घेऊन आले. मग मोरितांच्या शेजारची खुर्ची ओढून म्हणाले, "बस इथे. मेक्सिकोबद्दल माझं काय चुकलं, ते सांग." कडुनिंब आणि गूळ वाटायला त्या दिवशी दहा वाजले.

पुढे मोरिता ओसाकाला परत गेले. तिथे त्यांनी पन्नाशीत बेसबॉल बघायला सुरुवात केली आणि दर सामन्याआधी सुनंदाबाईंना फोन करून विचारू लागले. श्रीधररावांना नुसता नमस्कार. रूपश्रीला बढती मिळाली, पण घरात तिने पुन्हा कधी कुणाचं नाव घेऊन थाप मारली नाही. पुढच्या स्पर्धेसाठी श्रीधररावांनी नवी वही सुरू केली आणि पहिल्या पानावर दोघांची नावं लिहिली. पण पहिला क्रमांक कुणाला द्यायचा यावरून नवरा-बायकोत असं काही जुंपलं, की अकरा दिवस अबोला. त्या अकरा दिवसांत दोघांची मतं हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये रूपश्रीनेच पोचवली, एक अक्षरही न बदलता. सुनंदाबाई म्हणतात, लग्नाला बावन्न वर्षं झाली, पण इतकं सुखाचं भांडण त्याआधी कधी झालं नव्हतं.