उजेड पाडला तो असा

बायकोच्या दुकानाची वेबसाइट आपणच करावी असं मी ठरवलं, तेव्हा मला कुणी अडवलं नाही. (पुढच्या वेळी अडवावं, ही विनंती.) बायको कपडे दुरुस्त करते. चेन बदलणं, उसवलेलं शिवणं, घट्ट झालेलं ढिलं करणं. कोपऱ्यावर तयार कपड्यांचं मोठं दुकान आलं आणि तिच्या मशीनवर धूळ बसायला लागली. "हा महिना बघते," ती म्हणाली, "नाहीतर गाळा सोडते." हे ती न भांडता म्हणाली, म्हणून मी घाबरलो.

मेव्हणी कम्प्युटरवाली. तिनं फोनवर समजावलं, "भावोजी, वेबसाइट करायचं सीएमएस म्हणजे बांधून तयार घर. भिंती, खिडक्या आहेतच, तुम्ही फक्त सामान लावायचं. रंग कमी वापरा, अक्षर मोठं ठेवा."

"आणि 'आमच्याविषयी' या पानावर काय लिहू?"

"खरं असेल ते लिहा. पण मसुद्यातच ठेवा हं, रविवारी येऊन बघते."

खरं लिहायचं म्हटल्यावर मी बसलो तो उठलोच नाही. लिहिलं ते असं:

"दुकान माझ्या बायकोचं आहे. तिच्या हाताला वळण आहे आणि जिभेला धार. काम वेळेवर मिळतं. उशीर झालाच तर तो माझ्यामुळे, कारण बटणं मी लावतो. माझी एकच पँट तिनं तीनदा ढिली करून दिली, पण माझ्या वजनाबद्दल एकदाही अवाक्षर काढलं नाही. एवढं मोठं मन मी दुसरीकडे पाहिलेलं नाही."

तोवर संध्याकाळ झाली. स्क्रीन अंधुक दिसायला लागली. वर कोपऱ्यात निळं बटण होतं, 'प्रकाशित करा'. किती सोय करतात माणसांची, असं म्हणून मी ते दाबलं. उजेड काही वाढला नाही. शेवटी उठून दिवा लावला.

सकाळी दुकानात बायको मोबाइल नाचवत आली. "अहो, काय उजेड पाडलात हा?"

"पडला का? मला तर फरक दिसला नाही."

"शेजारीण वाचून दाखवत होती! जिभेला धार म्हणे!"

मेव्हणीला फोन लावला. ती आधी पोटभर हसली. "भावोजी, प्रकाशित करणं म्हणजे सगळ्या जगाला दाखवणं!"

"मग तसं लिहायचं ना बटणावर, जगजाहीर करा म्हणून!"

"पुसून टाकतो गं," मी बायकोला म्हटलं. ती काही बोलायच्या आत दारात एक गृहस्थ उभे राहिले. अंगानं भरलेले, हातात फुगलेली पिशवी. इकडेतिकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "काही न बोलता ढिलं करून मिळतं, ते हेच ना?"

बायकोनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग टेप गळ्यात घातली आणि म्हणाली, "या, बसा."

दुपारी आणखी दोघं आले. नंतर तर रीघच लागली. सगळे कसे अवघडून येत आणि हलके होऊन जात. मशीनवर धूळ बसायला जागा राहिली नाही. गाळ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

"ते पान राहू दे," एकदा दोरा ओवता ओवता बायको म्हणाली. "जिभेची ओळ तेवढी काढा." मग दोऱ्याला गाठ मारून, "बाकीचं बरं लिहिलंय." (आमच्या घरात याहून मोठा पुरस्कार नाही.)

ती ओळ मात्र मेव्हणीला काढावी लागली. रविवारी येऊन तिनं वेबसाइटवर बायकोला प्रशासक केलं आणि मला वाचक. वाचकानं वाचायचं, कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. घरातलं माझं पद इतक्या वर्षांनी लेखी मिळालं.

परवा मी माझी पँट चौथ्यांदा तिच्यापुढे ठेवली. तिनं शिवण उलटून पाहिली, बोटानं चाचपली आणि शांतपणे घडी घालून परत दिली.

"अहो, यातलं कापड संपलं."

वजनाबद्दल ती अजूनही अवाक्षर काढत नाही.