‘मालक व्हा’ म्हणणारे ढोले सर

बारशाला गेले की ढोले सर आधी पाळण्याशी जात, वाकून बाळाच्या कानाशी तोंड नेत आणि म्हणत, "नोकरी करू नको रे बाबा. मालक हो." बाळ रडलं की मागे वळून सांगत, "पाहा, पटलं त्याले." आमच्या वर्ध्याच्या कॉलनीतल्या बायका मग पाळणा त्यांच्यापासून हळूच लांब सरकवत.

आमच्या मॅनेजमेंट कॉलेजात सर उद्योजकता शिकवत, मी अकाउंट्स. म्हणजे पोरांना उडायला ते शिकवत आणि पडल्यावर कुठल्या रकान्यात लिहायचं ते मी.

स्वतः सरांनी आयुष्यात फुटाणेसुद्धा विकले नव्हते. मस्टरवर सही करायला ते प्राचार्यांच्याही आधी हजर. जुन्या पेन्शनसाठी धरणं होतं तेव्हा सर पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत बसले आणि दुपारी तीच टोपी खिशात कोंबून वर्गावर ‘जोखीम’ हे प्रकरण शिकवून आले. त्या तासाला एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही काऊन नाई केला धंदा?"

सर म्हणाले, "पोहणं शिकवणारा पाण्यात उतरला तर शिट्टी कोण वाजवंन?"

वर्ग हसला. सरही हसले. ती मुलगी तेवढी हसली नाही. ती सरांचीच मुलगी, रसिका.

संस्थेला सरांचं कौतुक फोटोपुरतं. नवउद्योजक केंद्र काढलं, फीत कापली, पाहुण्यांच्या खांद्यावर शाल टाकली, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या खोलीत मोडक्या बेंचांची चळत लागली. सर त्या बेंचांतून अंग चोरत आपल्या खुर्चीपर्यंत जात. पोरं प्रमाणपत्र घेत आणि गेटाबाहेर पडून थेट स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जात. सर खिडकीतून बघत राहत. म्हणत, "जाऊ द्या. एक जरी निघाला तरी बस झालं."

एक निघाला. आंजीचा मंगेश. कापूस वेचून झाला की उरलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, लोक शेतातच पेटवून देतात. मंगेशने ती विकत घेतली, भुगा करून मशीनमध्ये दाबली आणि कारखान्यांच्या भट्टीसाठी जळणाच्या कांड्या करायला लागला. धंदा चालला. सर तर वेडेच झाले. पाहुणा कोणीही येवो, त्याला आंजीची वारी घडायचीच. घरी पूजा सांगायला आलेल्या गुरुजींच्याही हातात त्यांनी प्रसादाच्या आधी कांडी दिली. "माह्या वर्गातून निघाला हाये पोट्टा," म्हणाले.

मग एक दिवस मंगेशचे वडील सरांकडे आले. मी तिथेच चहा पीत बसलो होतो. म्हातारे सतरंजीच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "सर, आमच्या मंगेशसाठी तुमची रसिका मागाले आलो. पोराइची मनं जुळली हायेत. सोयरीकही बसते."

सरांनी कप खाली ठेवला. "पोरगा हिरा हाये," ते म्हणाले. "पन कुठं पक्कं काही लागते काय त्याचं? तहसीलमध्ये, जिल्हा परिषदेत?"

म्हाताऱ्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग उठले. दारात चपला घालताना एवढंच म्हणाले, "तुमीच त सांगतलं होतं त्याले, सर."

रसिकाचं लग्न नागपूरच्या एका सरकारी इंजिनिअरशी झालं. निघताना ती रडली नाही. वाकून पाया पडली आणि म्हणाली, "बाबा, मी पन तुमच्याच वर्गात बसत होती." आता ती दिवाळीला येते, आईच्या फोटोला हार घालते आणि त्याच संध्याकाळच्या गाडीने परत जाते.

मंगेशने मनावर घेतलं नाही असं दाखवलं. घरच्यांनी दुसरीकडे मुली बघायला सुरुवात केली. "पोरगा काय करते?" "धंदा." "अच्छा." की संपलं. घर झालं, गाडी झाली, तिशीही उलटली.

सर निवृत्त झाल्यानंतर एका रविवारी मला म्हणाले, "गाडी काढता काय? आष्टीले जाऊ." कशाला ते सांगितलं नाही. आष्टीला वानखडे म्हणून संत्र्याचे बागाईतदार होते. त्यांच्या ओसरीवर बसल्यावर मला कळलं, की सर मंगेशसाठी मुलगी मागायला आलेत. आणि हे काही पहिलं घर नव्हतं. याआधी ते एकटेच एसटीने गावोगाव फिरून नकार घेऊन आले होते. मंगेशला यातलं काहीही माहीत नव्हतं.

वानखड्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "पोरगा चांगला दिसून राह्यला, सर. धंदाही जमवला. तुमाले पोरगी हाये काय?"

"हाये."

"मंग तिले काऊन नाई देली त्याले?"

मला वाटलं, सर आता एखादं ठेवणीतलं वाक्य फेकतील. वर्गात त्यांना कधी उत्तर कमी पडलं नव्हतं.

"भेलो," ते म्हणाले. "उद्या धंदा बसला तर पोरीचं काय, म्हनून भेलो. आयुष्यभर लोकाइच्या पोराइले ‘भिऊ नका’ म्हनलं, अन् माह्या दारात आलं तं मीच भेलो. तुमी भिऊ नका. माह्यी पोरगी मंगेशच्या घरी हसत राह्यली असती."

आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. वानखडे म्हणाले, "कळवतो."

परतताना वाटेत आर्वीला सरांनी माझ्या गाडीत आग्रहाने पेट्रोल भरलं.

काही दिवसांनी वानखड्यांचा फोन आला तेव्हा मी सरांकडेच होतो. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर.

"सर, तुमी खरं बोलले. एवढं कोनी बोलत नाई. पन नाई जमनार. मी बी भेतोच ना."

"बरोबर हाये," सर म्हणाले. "बापाले भेव लागतेच."

फोन ठेवून त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या, तरी पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कारंज्याकडं एक घर हाये म्हनतात. रविवारी रिकामे हा काय तुमी?"