एकशें तेराव्या दगडाची हकीकत

ज्या निराकारानें समुद्रास वाळूची हद्द नेमोन दिली, त्यास प्रथम नमन. एलीयाहू हन्नावी प्रेषित, जे अडचणींत हांक मारिली असतां येतात, त्यांचें स्मरण. शके १९४५, शोभन नाम संवत्सरे, इब्री सन ५७८३, त्या सालीं श्रावण दोन आले. ते समयीं समुद्रकांठच्या एका राज्यांत खारशेत नामें गांवीं बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, लोकांचीं घरें सहा उरलीं होतीं आणि माणसें तेवीस. पूर्वीं घरें साठ होतीं. लोक तेल गाळीत, शनिवारीं घाणा बंद ठेवीत, आणि आसपासचे लोकांशीं मिळोन मिसळोन रहात. मग कोणी शहरीं गेले, कोणी समुद्रापलीकडील यहुदी मुलखांत गेले, आणि मागें प्रार्थनालय, एक विहीर आणि कबरस्तान राहिलें. कबरस्तान वाळूचे अगदीं कडेस. दर सालीं समुद्र हातभर आंत येई, आणि दोन सालांखालीं मोठें उधाण आलें त्यांत चार कबरी दगडांसुद्धां वाहोन गेल्या. समाजाचे मुख्य, ज्यांस मुकादम म्हणत, ते हनोखआबा. वय शाहत्तर, जन्मभर बोटीचे इंजिनावर चाकरी केलेली, बोलणें थोडें. त्यांचे कुटुंब रिबकाबाई यांस जाऊन पांच सालें जाहलीं होतीं, आणि उधाणानंतर त्यांची कबर शेवटचे रांगेस येऊन पडली. तेथोन समुद्राची कड सात पावलें. आबा रोज सकाळीं जात, पावलें मोजीत, यहुदी रीतीप्रमाणें कबरेवर एक खडा ठेवीत आणि परत येऊन हात धूत. कोणाशीं कांहीं बोलत नसत. एके दिवशीं पावलें सहा भरलीं, तेव्हां मात्र घरीं येऊन जेवले नाहींत.

ऐशा समयीं उत्तरेचे मोठे शहरीं यहुदी लोकांचा एक प्रांतिक धर्मादाय दरबार होता, तेथोन खलिता आला कीं, लहान गांवांतील लहान समाजांस लहान कामांकरितां अनुदान देणें आहे, इच्छा असेल त्यांणीं अर्ज करावा, मुदत ऑगस्ट अखेर. सिपोराबाई म्हणोन एक निवृत्त शिक्षिका गांवांत होत्या, वय अडुसष्ट, अक्षर मोत्यासारखें आणि प्रश्न विचारण्याची खोड बाळपणापासोन. त्यांणीं तो अर्ज कागदावर उतरवोन घेतला आणि वाचोन चकित जाहल्या. प्रश्न एकोणीस. तुम्ही कोण, किती, कधींपासोन, काम कोणतें, जाहलें तर काय बदलेल, न जाहलें तर काय बिघडेल, लाभ कोणास. बाई म्हणाल्या, "आबा, हे प्रश्न आपण आपल्याला कधी विचारलेच नव्हते." आबा म्हणाले, "समुद्राला भिंत पाहिजे एवढं लिही. बाकीचं काय करायचंय त्यांना?" परंतु सातवा प्रश्न ऐसा होता कीं, कबरस्तानांत कबरी किती, नांवनिशीवार यादी जोडावी; आणि अर्जाचे तळाशीं लिहिलें होतें कीं, मजकूर खोटा निघाल्यास अर्ज बाद, आणि पुढें पांच सालें दुसरा घेतला जाणार नाहीं. पांच सालांत समुद्र कोठवर येईल हें आबांस ठाऊक होतें.

प्रार्थनालयाचे वहींत, वाहोन गेलेल्या चार वजा जातां, एकशें बारा नांवें निघालीं. मग रविवारीं सिपोराबाई आणि आबा दोघे कबरस्तानांत गेले आणि दगड मोजों लागले. दगड भरले एकशें तेरा. बाई म्हणाल्या, चूक जाहली. उलटे बाजूनें मोजिले, तरी एकशें तेरा. मग आबांनीं काठीनें प्रत्येक दगडास शिवत मोजिलें, आणि तितकेच भरले. वही घेऊन एकेक नांव ताडोन पाहिलें, तेव्हां शेवटचे रांगेस, मिल्काबाई नामें एका बाईचे कबरेचे उजवे अंगास, केवड्याचे बेटांत अर्धा रुतलेला एक बुटका दगड निघाला. वहींत त्याचें नांव नाहीं, आणि तोंडावर शेवाळ इतकें कीं अक्षर दिसेना. आबा म्हणाले, "एकशे बारा लिही. वही सांगते तेच लिहायचं." बाई म्हणाल्या, "आणि बघायला आलेल्यानं मोजले तर?" आबा म्हणाले, "बघायला कोण येतंय एवढ्या लांब." परंतु बाईंस चैन पडेना. चाळीस सालें मुलांस शिकविलें, आणि आपले गांवांत एक मनुष्य निजला आहे तो कोण हें आपणास ठाऊक नाहीं, ऐसें मनांत घोळों लागलें. घरीं येऊन त्यांणीं गांवांतील दोन वृद्धांस विचारिलें. त्यांसही ठाऊक नव्हतें.

दुसरे दिवशीं सकाळीं बाई जुना खडूचा डबा आणि फडकें घेऊन कबरस्तानांत गेल्या, तों आबा आधींच तेथें. हातीं पहार. दगडाभोंवतीची वाळू उकरोन ठेविली होती आणि पहारेचें टोंक दगडाखालीं घातलें होतें. बाईंस पाहोन ते ओशाळले आणि म्हणाले, "काढून विहिरीपाशी ठेवतो. फोडत नाही. भिंत झाली की परत लावू." बाई म्हणाल्या, "आबा, हा कुणाचा तरी माणूस आहे." आबा एकदम मोठ्यानें बोलले, जें कोणी पूर्वीं ऐकिलें नव्हतें: "आणि रिबका कुणाची आहे? सहा पावलं राहिली, सिपोरा! एका निनावी दगडापायी त्यांनी अर्ज फेकला तर मी तिला कुठं नेऊ?" समुद्र ओहोटीस होता. कांहीं वेळानें बाई म्हणाल्या, "काढायचाच असेल तर काढा. पण आधी वाचू द्या. नाव कळल्याशिवाय हलवू नका, एवढंच मागते." आबांनीं पहार ओढोन घेतली. बाईंनीं शेवाळ खरवडोन काढिलें, फडक्यानें दगड पुसोन उन्हांत वाळूं दिला, आणि खडू आडवा धरोन तोंडावरून हलके फिरविला. दगड पांढरा होत गेला, अक्षरें खोलगट तीं काळीं राहिलीं, आणि एकेक ओळ वर आली. बाईंनीं मोठ्यानें वाचिली: मिल्का हिचा मुलगा हसकेल. जन्म १९४२. ही जागा त्याची आहे. तो येईपर्यंत दुसऱ्याने घेऊ नये.

आबा पोरवयापासोन बोटीवर, त्यांस हा हसकेल आठवेना. म्हणाले, "मेला कधी?" बाईंनीं खालपर्यंत पाहिलें, मागें पाहिलें, मृत्यूची तारीख नाहीं. मग दोघांचेही ध्यानीं आलें कीं ही कबर नव्हे. जशी एस.टी.मध्यें रुमाल टाकोन जागा धरावी, तैशी त्या माउलीनें आपले शेजारीं लेकाची जागा धरोन ठेविली होती. आबांनीं पहार खाली ठेविली आणि टोपी सारखी केली. म्हणाले, "वहीत नाही, कारण आत कुणी नाहीच."

आतां बाईंची जिज्ञासा आवरेना. मिल्काबाईचें जुनें घर कोळीवाड्यास लागोन होतें, आणि तेथें हिराई नामें एक कोळीण होती, वय नव्वदीचे घरांत, कान तिखट. बाईंनीं तिजला विचारिलें. हिराई सुकट निवडीत होती ती थांबली आणि म्हणाली, "हसाजी? मेला नाय गो तो. रागावून गेला. बोटीनं गेला तिकडं, तुमच्या लोकांच्या देशात. आयला बोलावलंन, तू पन ये. आय बोलली, तुजा बाप हितं पुरलाय, मी नाय यायची. तो बोलला, मग मी बी नाय यायचो. दोगं पन एका मातीची." सिपोराबाईंनीं विचारिलें, "मग हा दगड?" हिराई म्हणाली, "मरायच्या आदल्या वर्षी घडवून घेतलान. पाथरवट बोलला, जित्या मानसाचा दगड मी नाय करत. त्याच्या दारात दोन दिवस बसून राहिली. बोलली, कबर नाय रे बाबा, जागा हाय. मग केलान." ऐसें सांगोन हिराई पुन्हा सुकट निवडूं लागली आणि जरा वेळानें आपणच म्हणाली, "जिता असंल तर म्हातारा झाला असंल."

बाईंची भाची त्या परमुलखांत होती. तिजला फोनवर सर्व मजकूर कळविला. तिणें तेथील प्रार्थनालयांत विचारपूस केली, आणि चवथे दिवशीं उत्तर आलें कीं वाळवंटाचे कडेचे एका गांवीं हसकेल खारशेतकर नामें एक वृद्ध आहेत, वय एक्यायशीं, पूर्वीं कापडाचे कारखान्यांत होते, पत्नी वारली, मुलें दोन. फोन लागला. आबा जवळ बसले होते. बाईंनीं आपण कोण तें सांगितलें, आणि मग दगडाचा मजकूर वाचोन दाखविला. पलीकडोन एक आवाज आला, मराठी जुनें, गांवचें, कोठें कोठें अडखळणारें. "कुठल्या अंगाला आहे?" बाई म्हणाल्या, "आईच्या उजव्या हाताला." आवाज म्हणाला, "जेवायला बसायचो मी त्या बाजूला." मग म्हणाला, "मी पत्र लिहिलं नाही. मला वाटायचं, आधी तिनं लिहावं. तिला तर लिहिताच येत नव्हतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मग एकदा कुणीतरी सांगितलं की ती गेली, आणि मला कळेना की आता राग कुणावर ठेवू." आबांनीं बाईंच्या हातांतोन फोन घेतला आणि विचारिलें, "दगड काढावा की ठेवावा? तुम्ही सांगाल तसं." हसकेल म्हणाले, "ठेवा. तिनं लावलाय." फोन ठेवोन आबा उठले, दारापर्यंत गेले आणि पाठमोरे उभे राहोन म्हणाले, "लिही, बाई. एकशे तेरा लिही. खाली खरं काय ते लिही. बाद होईल तर होवो."

मग सातवे प्रश्नापुढें सिपोराबाईंनीं सुवाच्य लिहिलें: उभे दगड एकशे तेरा, आत माणसे एकशे बारा. एक जागा राखीव असून तिचा धनी हयात आहे. अर्ज मुदतीचे दोन दिवस आधीं रवाना जाहला. नव्याचा सण, म्हणजे यहुदी वर्षारंभ, गेला, दारफाळणीचा, म्हणजे प्रायश्चित्ताचा, उपास गेला, उत्तर येईना. कार्तिकांत दरबाराकडोन यायल वरसोलकर नामें एक कारभारीण पाहणीस आली, तिशीची, डोळ्यांस चष्मा, पायांत कापडी बूट. तिणें चहासुद्धां न घेतां प्रथम दगड मोजिले. एकशें तेरा भरले. म्हणाली, "हे उत्तर वाचून आमच्या बैठकीत दोन तट पडले. एक म्हणाले, या लोकांनी आकडा वाढवलाय. दुसरे म्हणाले, वाढवणारा माणूस असं लिहीत नाही. आणि दोघांचाही एक प्रश्न आहे. भिंत मेलेल्यांसाठी. जिवंत माणसांना लाभ काय? चौदाव्या प्रश्नात तुम्ही नुसतं 'तेवीस' लिहिलंय." सिपोराबाई तिजला हसकेलचे दगडापाशीं घेऊन गेल्या. मग कारभारीण स्वतःच वांकोन तो दगड वाचूं लागली, एकदां वाचिला, पुन्हा वाचिला, आणि म्हणाली, "यांच्याशी बोलता येईल?" फोन लाविला. तिणें विचारिलें, "काका, मी दरबाराकडून आलेय. तुम्ही इथं येणार आहात का?" हसकेल म्हणाले, "येईन बाई. पण झोपायला नाही, बघायला. तोवर जागेवर राहील का ती जागा?" कारभारणीनें समुद्राकडे पाहिलें आणि कडेपासोन रांगेपर्यंत आपणच पावलें टाकिलीं. भरलीं पांच. वहींत लिहोन घेतलें आणि मग चहा घेतला.

पौषांत मंजुरी आली. मागितलें त्यांतील चौथा भाग कमी केला होता; तेव्हां कोळीवाड्यानें दगड वाहण्यास आपली बैलगाडी आणि माणसें दिलीं, कारण कीं समुद्र आंत आला तर पुढची पाळी त्यांचीच होती, हें हिराईनें साऱ्यांस ऐकविलें. शिमग्याआधीं भिंत उभी राहिली, लांबी एकशें चाळीस हात, पाया काळ्या फत्तराचा. पुढले श्रावणांत उधाण आलें. आबा सकाळपासोन भिंतीशीं उभे होते. पाणी चढलें, फत्तरास लागलें, वर उडोन आबांस भिजवोन गेलें, आणि परतलें. रिबकाबाईंचे दगडावरील खडे होते तैसे होते. आबांनीं त्यानंतर पावलें मोजणें सोडिलें.

त्यानंतरचे थंडींत हसकेल आले. संगें नात होती, तिजला मराठी येत नव्हती. काठी टेकीत ते शेवटचे रांगेपर्यंत चालत आले. आधीं आईचे कबरेवर हात ठेविला. मग आपले दगडापुढें उभे राहोन चष्मा लाविला आणि वाचिलें, ओठ हालवीत, मुलें वाचतात तैसें. आबांनीं विचारिलें, "जागेचं काय करायचं?" हसकेल म्हणाले, "मी तिकडं बायकोशेजारी जाईन. तिलाही शब्द दिलाय." मग आईचे दगडाकडे पाहोन म्हणाले, "हिनं लिहवून घेतलंय, तो येईपर्यंत. मी आलो ना. आता कुणाला लागेल त्याला द्या." परंतु दगड काढूं दिला नाहीं. पाथरवटास बोलाविलें, जुन्या पाथरवटाचा नातू आला, त्याणें छिन्नी धरिली आणि विचारिलें, "काका, काय घालू?" हसकेल यांणीं सांगितलें. जुन्या ओळींखालीं जागा थोडी होती, म्हणोन अक्षरें लहान घालावीं लागलीं. दोनच शब्द आहेत: तो आला.

येणेंप्रमाणें खारशेतचे कबरस्तानाचें वर्तमान. दगड एकशें तेरा, माणसें एकशें बारा, भिंत शाबूत. जें पाहणारांनीं सांगितलें तें ऐकोन लिहिलें, पदरचें कांहीं घातलें नाहीं. वाचणारांस कुशल असो.