कडकरावांचा पाहुणा

तुम्ही कधी आपल्याच शर्टाला ‘चहा घेणार का?’ असं विचारलं आहे का? हसू नका. कडकरावांनी विचारलं आहे, आणि तेही चांगल्या शुद्धीत, चष्मा डोळ्यांवर असताना.

कडकराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते ऑफिसातल्या लोकांनी ठेवलेलं. हेडक्लार्कच्या खुर्चीत वर्षानुवर्षं बसले, पण शर्टाची घडी कधी मोडली नाही. कॉलर अशी ताठ, की मागे बघायचं तर खांद्यासकट वळावं लागे. साहेब बदलले, पंखे बदलले, कडकरावांची कॉलर तशीच. लोकांना वाटायचं, माणूसच कडक आहे. (माणूस कसला कडक! ऑफिसचा शिपाई जरा मोठ्याने बोलला तरी ह्यांच्या हातातलं पेन खाली पडायचं.) तो कडकपणा सगळा बायकोच्या हातचा. सुट्टीच्या दिवशी ती स्वयंपाकघरात काहीतरी शिजवायची, त्यात शर्ट बुडवायची, वाळवायची, मग पाणी शिंपडून इस्त्री फिरवायची. ह्याला खळ करणं म्हणतात, एवढंच कडकरावांना माहीत. त्या वेळात ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असत.

बायको गेली आणि घराबरोबर शर्टही मलूल झाले. लॉंड्रीवाला इस्त्री करून द्यायचा, पण खळीचं नाव काढलं की म्हणायचा, “काका, आता कोण करतं ते? सोडा की.” कडकरावांनी सोडलं. एकदा सोडायला लागल्यावर बरंच काही सुटत गेलं. संध्याकाळचं फिरणं सुटलं. दोन वेळचा स्वयंपाक एका वेळेवर आला. ऑफिसातून आल्यावर दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाईपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही, कारण ऐकायला समोर कोणी नव्हतं.

आणि अशात एका सुट्टीच्या सकाळी मुलीचा फोन आला. मुलगी दूर नोकरीला. तिचं येणं म्हणजे वर्षातून एकदा, तेही उभ्या उभ्या.

“बाबा, उद्या येतेय. चांगली दोन दिवस राहणार आहे.”

“ये की!” कडकराव इतक्या जोरात म्हणाले, की स्वतःच दचकले. “पण एकदम कशी काय?”

“परवा व्हिडिओवर तुमची कॉलर बघितली,” ती म्हणाली आणि घाईघाईने फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर कडकरावांनी आरशात पाहिलं. कॉलर खरंच दोन्ही बाजूंनी मान टाकून पडली होती. पोर दोन दिवसांसाठी येणार आणि दोन दिवस आपल्याकडे असं डबडबल्या डोळ्यांनी बघत बसणार? छे! ती दारात आली की बाबा पूर्वीसारखे दिसले पाहिजेत. तेव्हा ठरलं. खळ करायची. घरी. स्वतः.

दुकानातून आरारूटचं पाकीट आलं. कडकरावांनी पातेल्यात पाणी घेतलं, चमचाभर पीठ घातलं, ढवळलं. पाणी नुसतं दुधाळ झालं. ‘एवढ्याने काय होणार?’ म्हणून आणखी घातलं. तरी पातळच. पुन्हा घातलं. पाकीट झटकून रिकामं केलं, तेव्हा कुठे त्यांना ते जरा दाटसर वाटलं. मग त्यांनी गॅस पेटवला.

आता ज्यांनी कधी खळ केली आहे त्यांनी इथेच कपाळावर हात मारला असेल. गार पाण्यात पीठ पातळ दिसतं. दाट होतं ते आचेवर. पण हे कडकरावांना कोण सांगणार? सांगणारी भिंतीवर फोटोत होती, आणि ती नुसती बघत होती.

दोन उकळ्या आल्या आणि पातेल्यातलं सगळं एकदम घट्ट झालं. चमचा मध्यभागी उभा राहिला. कडकराव तो ओढायला गेले, तर चमच्याबरोबर पातेलंही वर आलं.

शहाण्या माणसाने ते टाकून दिलं असतं. पण कडकराव पडले हेडक्लार्क. ऑफिसात टाचणीसुद्धा वाया जाऊ न देणारा माणूस. एवढा माल एका शर्टासाठी? त्यांनी त्यात पाणी घालून थोडं सैल केलं आणि कपाटातले होते नव्हते तेवढे सगळे शर्ट आणून त्यात बुचकळले. पिळले नाहीत. पिळले तर खळ निघून जाईल, असा त्यांचा हिशेब.

ऊन कडक होतं. दुपारी शर्ट काढायला गॅलरीत गेले, तर वाऱ्यावर शर्ट हलत नव्हते, एकमेकांवर आपटून खटखट वाजत होते. एकेक शर्ट काखेत धरून फळकुटासारखा आत आणावा लागला. बाह्या आतून चिकटलेल्या. त्या सोडवायला कडकरावांनी ऑफिसची लाकडी पट्टी आत घातली आणि पुढे ढकलत नेली. इस्त्री फिरवली तर ती जागोजाग चिकटली, करपल्याचा वास सुटला. वाफेने भिजला की शर्ट जरा मऊ पडायचा आणि गार झाला की पहिल्यापेक्षा ताठ.

ठेवायचे कुठे? कपाटात मावेनात, घडी होईना. शेवटी पलंग भरला, टेबल भरलं, आणि एक निळा शर्ट त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीवर ठेवला. ठेवला म्हणजे काय, तो बसलाच. पाठ सरळ, छाती पुढे, दोन्ही बाह्या खुर्चीच्या हातांवर.

कडकराव दमले होते. त्यांनी चहा केला आणि समोरच्या खुर्चीत येऊन टेकले. खिडकीजवळच्या त्या खुर्चीत बायको गेल्यापासून कोणी बसलंच नव्हतं. आता समोर कुणीतरी होतं. कप तोंडाला लावताना त्यांच्या तोंडून सवयीने गेलं, “चहा घेणार?”

मग स्वतःचीच लाज वाटून ते हसले. हसले आणि म्हणाले, “नाही, उद्या मुलगी येतेय म्हणून हा सगळा खटाटोप.” समोरून कोणी मध्येच तोडलं नाही, की घड्याळाकडे पाहिलं नाही. असा श्रोता कडकरावांना फार दिवसांनी मिळाला होता. नवा साहेब कसा फायली उलट्या लावतो, गुडघा कसा जिना उतरताना दुखतो, एकट्यासाठी भाजी आणली की ती कशी उरते आणि तिसऱ्या दिवशी तीच खावी लागते, सगळं बोलून झालं. चहा गार झाला तरी बोलणं थांबेना.

शेजारच्या मास्तरीणबाईंची खिडकी ह्याच खिडकीसमोर. पडदा अर्धा ओढलेला, त्यामुळे त्यांना पाहुण्याचं डोकं दिसलं नाही. खांदे मात्र दिसले. थोड्याच वेळात दाराची बेल वाजली.

“भाऊ, पाहुणे आलेत वाटतं?”

कडकराव दार अडवून उभे राहिले. आपण शर्टाशी बोलत होतो, हे कसं सांगणार? “हो... म्हणजे बसलेत.”

“कोण हो?”

“ऑफिसातलेच. जुने आहेत. रोजचेच.”

“बोलत नाहीत फारसे. मघापासून तुमचाच आवाज येतोय.”

“स्वभाव जरा ताठ आहे.”

“राहणारेत का?”

“जातील असं दिसत नाही,” कडकराव म्हणाले. ह्यात तरी खोटं काही नव्हतं.

“बरं झालं बाई! वहिनी गेल्यापासून ह्या घरात बोलण्याचा आवाज आज ऐकला. थांबा, त्यांच्यासाठी बिस्किटं देते.” बिस्किटं आली. (ती कडकरावांनी खाल्ली. पाहुण्याच्या वाटणीचीही.)

संकट टळलं असं त्यांना वाटलं. पण मास्तरीणबाईंकडे मुलीचा नंबर होता. बाबांवर लक्ष ठेवा, असं मुलीनेच त्यांना सांगून ठेवलेलं. दिवे लागायच्या सुमारास फोन वाजला.

“बाबा! मास्तरीणबाईंनी सांगितलं, तुमचे मित्र राहायला आलेत म्हणे! तासभर गप्पा मारत होतात! मला इतकं बरं वाटलं ना...”

“हो का?”

“मी उगीच काळजी करत होते. मग असं करते, ह्या वेळी नाही येत. सुट्टी द्यायला आमच्याकडे कुरकुर चाललीच आहे. तुम्ही दोघं निवांत राहा. पुढे बघू, अं?”

“हो, हो. चालेल की,” कडकराव म्हणाले. जन्मभर ते असंच म्हणत आले होते.

फोन बंद झाला. खोलीत आवाज म्हणून उरला नाही. समोर निळा शर्ट छाती काढून बसला होता आणि त्याच्या कॉलरच्या आत काहीच नव्हतं. कडकरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. पुन्हा उठले. शेवटी मुलीचा नंबर लावला.

“अगं, ते पाहुणे...”

“काय झालं त्यांना?”

“ते नाहीत.”

“गेले? इतक्यात?”

“नाही. आहेत इथेच. पण तो शर्ट आहे.”

“बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना? कोण शर्ट?”

“माझा निळा. खळ जास्त झाली. तो बसला. मी बोलत होतो, ते त्याच्याशी.” एवढं सांगितल्यावर लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं, म्हणून त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. “मला करमत नाही गं. तू ये.”

पलीकडून आधी नाक ओढल्याचा आवाज आला आणि त्याच्या मागोमाग हसण्याचा.

“बाबा, त्याला चहा तरी विचारलात का?”

“विचारला.”

“मग?”

“घेतला नाही.”

आता मात्र ती खो खो हसत सुटली. “पहिल्या बसने निघते. आणि स्टँडवर यायची दगदग करू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कडकराव खळीचा शर्ट घालून स्टँडवर गेले. मुलगी बसमधून उतरली, तेव्हा तिची बॅग घ्यायला त्यांनी हात पुढे केला, पण बाही कोपरात काही केल्या वाकेना, म्हणून बॅग तिनेच उचलली.