हवालदाराची तालीम

आवाज थोडा वाढवायचा, एवढंच मी ठरवलं होतं. तेही एकदाच, आणि तेही बायकोच्या भावासाठी. (त्याच्यासाठी मी जन्मात दुसरं काही केलेलं नाही.) पण त्या एका बोटानं मला घरातून उठवलं.

मी सोफे बनवणारा. चाळीस वर्षं लोकांच्या बुडाखाली फोम भरला. शाळा चौथीपर्यंत. पाचवीत गुरुजींच्या खुर्चीची गादी उसवून आत अंडं ठेवलं, तिथं शाळेशी संबंध संपला आणि गाद्यांशी सुरू झाला. खोड काही गेली नाही.

आमच्या कुत्र्याचं नाव हवालदार. अंगानं दांडगा, पोस्टमनला कोपऱ्यापर्यंत पोचवून येणारा. पण फटाका वाजला की त्याचा उंदीर होतो. समोरच्या मैदानावर दरवर्षी फुटबॉलची फायनल असते आणि संध्याकाळी जिंकणारे अर्धा तास आतषबाजी करतात. गेल्या वर्षी पहिल्याच बाराला हवालदारानं जाळीचं दार फाडलं आणि पळाला. तीन दिवस आमची ही गल्लोगल्ली हाका मारत फिरली. सापडला तो एका गॅरेजात, ट्रकखाली, पंजे सोललेले. त्याच्या पायाला हळूहळू मलम लावताना ती म्हणाली, "अहो, पुन्हा असा पळाला तर मिळायचा नाही हो."

म्हणून यंदा दोन महिने आधीच आम्ही जनावरांच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. बाई म्हणाल्या, "मोबाइलवर फटाक्यांचा आवाज लावा. इतका बारीक, की तुम्हालाच शंका यावी. तो वाजत असताना कोंबडीचा तुकडा द्यायचा. रोज पाच मिनिटं. आठवड्याला आवाज केसभर वाढवा. घाई केलीत तर सगळं पाण्यात."

(आमच्या लग्नात असं काही झालं नाही. आवाज पहिल्या दिवसापासून पूर्ण होता.)

हे काम माझ्याकडे आलं, कारण रिकामटेकडा मीच. मी मनावरही घेतलं. जुन्या लाकडी कपाटाला आडवं पाडून हवालदाराला लपायला खोपटं केलं. आतून दोन इंच फोम, वर मखमल, बटणं ओढून पक्की. असलं काम मी पैसेवाल्या गिऱ्हाइकालाही दिलं नव्हतं. सहा आठवड्यांत असं झालं, की मी खिशातून मोबाइल काढला की हवालदार शेपूट हलवत यायचा आणि फटाके वाजताना खोपट्यात घोरायचा. ही शेजारणीला सांगायची, "ह्यांनी जन्मात पहिल्यांदा काहीतरी धड केलं."

ते वाक्य मला पचलं नाही बहुतेक.

एका दुपारी बंधुराज आले. बंधुराज म्हणजे हिचा धाकटा भाऊ, रिटायर मुख्याध्यापक. हसणं हा प्रकार त्यानं अभ्यासक्रमातून कधीच काढून टाकलाय. ही बाजारात गेली होती. तो चहाचा कप घेऊन सोफ्यावर बसला आणि पेंगायला लागला. मुलानं दिलेला मोठा स्पीकर समोरच होता, मोबाइलला जोडलेला. माझं बोट वळवळलं.

हवालदार कुठे आहे ते बघायला हवं होतं. मी बघितलं ते फक्त, कप भरलेला आहे का.

धडाम्!

मुख्याध्यापक सोफ्यावर उभे! चहा शर्टावर, चष्मा कानाला लोंबतोय, आणि तोंडातून काय निघालं, तर "आई गं, मी नाही केलं!" मी हसता हसता जमिनीवर बसलो. पोट धरलं, डोळे पुसले. आणि मग फरशीवर नखं घासल्याचा आवाज आला.

स्पीकर मी खोपट्यावर ठेवला होता, आणि हवालदार खोपट्यात होता.

तो घसरत, धडपडत बाहेर आला. मागे फरशी ओली झाली. भिंतीला अंग चिकटवून त्यानं बघितलं, पण स्पीकरकडे नाही. माझ्याकडे.

बंधुराज शर्ट पिळत म्हणाला, "दाजी, हे ताईला कळता कामा नये."

"काय, तू ओरडलास ते?"

"हो."

"मग माझंही सांगू नकोस."

ही परत आली. "हवालदार बाथरूममध्ये का बसलाय?"

"उकडतंय त्याला," मी म्हणालो.

"आणि तुझा शर्ट रे?"

"मलाही उकडत होतं, ताई," मुख्याध्यापक म्हणाले. (चाळीस वर्षं मुलांना खरं बोला सांगितलं ह्यानं.)

पुढे दोन आठवडे मी मोबाइल काढला की हवालदार पलंगाखाली. नुसता खिशात हात घातला तरी पलंगाखाली. खोपट्याकडे तर तो फिरकलाच नाही. "कसं चाललंय?" हिनं विचारलं की मी "झकास!" म्हणायचो आणि कोंबडीचे तुकडे स्वतःच संपवायचो.

फायनलच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "आता भीती मोडलीच आहे त्याची, तर उद्या जाळीचं दार उघडंच ठेवूया. वारा तरी येईल."

माझ्या डोळ्यांसमोर ते सोललेले पंजे आले. मी सगळं सांगून टाकलं. बंधुराजासकट.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुम्ही माणसांची मस्करी करता, ती शिव्या तरी घालतात, मागाहून हसतात तरी. त्यानं काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी तिनं खिडक्या लावल्या, पडदे ओढले, पंखा आणि रेडिओ मोठे केले, डॉक्टरीणबाईंची गोळी दिली आणि हवालदाराला घेऊन बाथरूममध्ये बसली. बंधुराज शेजारी स्टुलावर बसून भूगोलाचं पुस्तक वाचत होता. त्या आवाजानं तीन पिढ्या वर्गात झोपल्यात. हवालदार दुसऱ्या पानावर झोपला.

मला आत जागा नव्हती. मला बघून तो थरथरायचा. म्हणून मी बाहेर, जाळीच्या दाराला पाठ लावून, तो सुटला तर अडवायला. आकाश लाल-हिरवं होत होतं, आणि प्रत्येक बाराला दचकत होतो तो मीच. अर्ध्या तासानं आतून निरोप आला, "शांत आहे. तुम्ही येऊ नका."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फटाक्यांचं पुढच्या वर्षी बघू. आधी त्याला तुमची सवय लावू. लांबून, थोडं थोडं. आवाज नाही."

पहिले दोन दिवस मी जिन्यात बसलो. मग उंबऱ्यावर. दहाव्या दिवशी मला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत परवानगी मिळाली. काल, अकराव्या दिवशी, हवालदार पलंगाखालून निघाला आणि आपणहून दोन पावलं माझ्याकडे आला. शेपूट हललं नाही, पण हलण्याच्या विचारात होतं. माझे डोळे भरले, नाक भरलं, आणि मी शिंकलो.

शिंक आमच्या वडिलांकडून आलेली आहे. तिनं शेजाऱ्यांच्या खिडक्या वाजतात.

आज पुन्हा पहिला दिवस. मी जिन्यात आहे. आत्ताच आतून हिचा आवाज आला, "अहो, श्वास जरा हळू घ्या!"